बहात्तरचा तलाव आणि आम्ही भावंडं

आमच्या घरातल्या माणसांचे सरळ दोन भाग पडत. बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी डोक्यावर मातीच्या पाट्या वाहिल्या ती एक पिढी. आणि त्याच मातीच्या बांधावर ओणवं होऊन ज्यांनी पुढं चतुर आणि टाचण्या शोधल्या ती दुसरी, म्हणजे आम्ही सगळी चुलत-आत्येभावंडं. मोठ्यांना तलाव म्हटलं की मुकादम, हजेरीपट आणि लाल मिलोची भाकरी आठवायची. आम्हाला आठवायचे लव्हाळ्याच्या काडीला बिलगून पाऊस सोसणारे जीव. तलाव एकच. आता मोठ्यांपैकी फक्त आत्या आहे आणि आम्हीही साठीला टेकलो आहोत, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आमचं घर शिर्डीत आणि आत्याचं सासर तिथून नैऋत्येला, जिरायत पट्ट्यात. अंतर बैलगाडीनं गेलं तरी दुपारच्या आत पोचण्याचं, पण पाण्याच्या हिशेबानं दोन वेगळे मुलूख. शिर्डी-राहात्याला गोदावरीचा उजवा कालवा. निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला गोदावरी अडवून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी हे कालवे काढले, त्यामुळं आमच्याकडं ऊस, पेरू, गुलाब. पाटाला आवर्तन सुटलं की रात्री कंदील घेऊन बारं धरायला जायचं, पाटकऱ्याशी गोड बोलायचं, चारीला पाय सोडून बसायचं. आत्याकडं यातलं काही नाही. बाजरी, मटकी, हुलगा आणि आभाळ. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस. तोही मृगात तोंड दाखवून आषाढात दडी मारणारा आणि खरा पडला तर भाद्रपदात पडणारा.

१९७२ साली तोही पडला नाही. महाराष्ट्रभर दुष्काळी कामं निघाली. १९७३च्या उन्हाळ्यात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. खडी फोडणं, रस्ते, नालाबंडिंग आणि पाझर तलाव. आत्या तेव्हा नव्यानं लग्न होऊन गेलेली. तिच्या गावाच्या माळावर ओढा अडवून तलावाचं काम निघालं आणि घरातली सगळी बायामाणसं त्यावर गेली. आमची आजी, जिला सगळं घर बाई म्हणायचं, तीही शिर्डीहून लेकीच्या सोबतीला काही आठवडे तिथं राहून माती वाहत होती. बाईच्या तोंडून आम्ही ते काम इतक्यांदा ऐकलं की आम्हीही तिथं होतो असं वाटावं. आधी खोल चर खणून त्यात काळी माती भरायची, पाणी मारून दाबायची, म्हणजे बांधाच्या पोटातून पाणी झिरपत नाही. वर मुरमाचा भराव. पाण्याच्या अंगाला दगडांची पिचिंग. एका कडेला सांडवा. मुलांना सुकडी वाटली जायची, आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. ती भाकरी घशाखाली उतरत नसे, असं सांगताना बाई आवंढा गिळायची.

पाझर तलावाला कालवा नसतो. पावसाचं पाणी साठवायचं, हळूहळू जमिनीत मुरवायचं आणि खालच्या विहिरींना पाझर फोडायचा, एवढंच त्याचं काम. दिवाळीनंतर पाणी मागं सरायला लागतं, शिमग्यापर्यंत तळ उघडा पडतो. माणसाच्या दृष्टीनं हा तोटा. पण चतुराच्या दृष्टीनं असं पाणी बरंच सोयीचं असतं, कारण बारमाही पाण्यातले मोठे मासे त्यात टिकत नाहीत आणि अंडी-पिल्लांना खाणारं तोंड कमी होतं. हे आम्हाला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की पाटाच्या चारीवर जेवढे दिसतात त्याच्या कितीतरी पट आत्याच्या तलावावर दिसतात.

आत्याकडं आमची रवानगी व्हायची ती गुरुपौर्णिमेला. शिर्डीत रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी हे तीन मोठे उत्सव. गुरुपौर्णिमेला मुंबईची माणसं तीन-तीन दिवस मुक्कामाला यायची. तेव्हा हॉटेलं कुठली? ओसरी, माडी, गोठ्याशेजारची खोली, जिथं पाठ टेकेल तिथं भक्तमंडळी. पोरं पायात नकोत म्हणून आमच्या घरातले तात्या गाडी जुंपायचे आणि आम्हाला जिरायतात सोडून यायचे. १९७७ साली साईबाबांवरचा हिंदी चित्रपट आला आणि गर्दी वाढतच गेली, तशा आमच्या फेऱ्याही वाढल्या. पुढं पोळा, गणपती, रविवारला जोडून आलेली सुट्टी, कुठलंही निमित्त चालायचं.

भुरभूर चालू असली की आत्याकडं दोन गोष्टी ठरलेल्या. चुलीवर हुलग्याचे शेंगोळे, आणि आमच्या डोक्यावर गोणपाटाच्या खोळी. पावसात चतुर उडत नाहीत, म्हणून पावसात जाऊन काय करायचं, असं कुणीही विचारील. आम्हाला उलट अनुभव. उन्हात चतुर दिसतो, पण बघू देत नाही. तुम्ही पाऊल टाकलं की तो गेला. थंडगार झिमझिम पावसात त्याच्या पंखांचे स्नायू गारठतात, उडायला लागणारी ऊब अंगात राहत नाही आणि तो गवताच्या पात्याखाली, बाभळीच्या काटकीला, बेशरमाच्या देठाला लटकून पाऊस थांबायची वाट बघतो. मग तुम्ही नाकाच्या अंतरावर बसलात तरी चालतं. फक्त शोधता आला पाहिजे. ते शोधणं हाच आमचा खेळ होता, आणि त्यात थोरली ताई आम्हा सगळ्यांच्या पुढं असायची. ती कडेनं चालायची नाही. काठाशी उकिडवं बसायची आणि गवताच्या मुळापासून वरपर्यंत एकेक काडी नजरेनं चाचपायची.

टाचणी शोधणं सगळ्यांत अवघड. ती काडीलाच काडी होऊन बसते. पंख मिटलेले, शेपूट देठाला समांतर. सापडली की बोट हळूच जवळ न्यायचं. ती उडत नाही, फक्त देठाभोवती सरकून पलीकडच्या बाजूला जाते. देठ मध्ये, टाचणी मागं, आणि देठाच्या दोन्ही अंगांनी तिचे दोन डोळे बाहेर डोकावत आपल्याकडं बघताहेत. बोट उजवीकडं नेलं की ती डावीकडं सरकणार, डावीकडं नेलं की उजवीकडं. असं कितीतरी वेळ चालायचं. टाचणीचे डोळे एकमेकांपासून लांब, डोक्याच्या दोन टोकांना असतात, म्हणून तिला हे जमतं. चतुराचे डोळे मात्र बहुतेक जातींत माथ्यावर एकमेकांना भिडलेले. बसल्यावर टाचणी पंख पाठीवर मिटते आणि चतुर ते सताड पसरून ठेवतो. पुस्तकात पुढं वाचलेला हा फरक आमच्या छोटीला शाळेत जायच्या आधी ठाऊक होता.

चतुर पावसात बसलेला जवळून बघितला आहे का कुणी? त्याच्या डोळ्यात हजारो बारीक डोळे असतात, मोठ्या जातींत अठ्ठावीस-तीस हजारांपर्यंत. त्या गोल डोळ्यावर पावसाचा थेंब येऊन बसला की तो डोकं थोडं वाकडं करतो, पुढचा पाय उचलतो आणि डोळ्यावरून मागून पुढं फिरवतो. एकदा एका बाजूनं, मग दुसऱ्या. परत थेंब, परत पुसणं. पंखांवरचं पाणी पुसत नाही, ते आपोआप ओघळतं. पाऊस ओसरून ढगाला फट पडली की मोठे चतुर जागच्या जागी पंख थरथरवायला लागतात. उडायच्या आधी अंग तापवून घेण्याची ती तयारी. ते थरथरणं सुरू झालं की ताई म्हणायची, ‘‘चला, आता निघाले हे.’’ आणि खरंच, पुढच्या काही क्षणांत सगळा काठ हवेत असायचा.

नावं आमची आम्हीच ठेवली होती. हिरव्या-काळ्या पट्ट्यांचा, सडसडीत शेपटीचा एक होता, तो वाघ्या. शिर्डीतल्या खंडोबाच्या देवळात बाई आम्हाला रविवारी न्यायची, तिथून हे नाव आलं. वाघ्या नावाला जागायचा. तो दुसऱ्या चतुरांनाही खातो. मटकीच्या रानात एकदा तो तांबड्या चतुराला पायांच्या पिंजऱ्यात धरून कुरतडताना आत्याकडच्या नानांनी आम्हाला दाखवला, आणि धाकटा आत्येभाऊ रडायला लागला. तांबडा आमचा सगळ्यांचा लाडका. नर अंगोपांग लालभडक, मादी पिवळसर. बरीच वर्षं आम्ही त्यांना दोन वेगळ्या जाती समजत होतो. पिवळ्या रंगाची सुईसारखी टाचणी होती, तिला आम्ही हळदी म्हणायचो. आणि नारिंगी पंखांचा एक, जो सगळीकडं असायचा, अगदी म्हशी डुंबतात त्या गढूळ डबक्यावरही. त्याला नाव ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

शेपटीला दोरा बांधून चतुर उडवणं हा तेव्हा गावोगावचा खेळ. आमच्यात तो चालला नाही, कारण बाई. तिचा देवधर्म चार घरांसारखाच, पण या बाबतीत ती फार कडक होती. ‘‘पाण्यावर आलेल्या जीवाला बांधायचं नाय,’’ एवढंच म्हणायची. ती कारण सांगत नसे आणि आमची विचारायची टाप नव्हती. चतुर अंगणात खाली उतरून घिरट्या घालायला लागले की पाऊस येणार, अशी तिची खात्री होती. वाळवण उचलायला ती ढगांकडं बघायची नाही, चतुरांकडं बघायची. हवा दमट झाली की चिलटं, पाखरं खाली उतरतात आणि त्यांच्या मागं चतुर, म्हणून बाईचा अंदाज बहुधा खरा ठरायचा.

आता एका सकाळबद्दल. आम्हा भावंडांत बाकी सगळ्या गोष्टींवर वाद आहेत. सांडव्यावरून घसरून कोण पडलं, बरणी कुणी फोडली, गाडीच्या चाकाखाली कुणाची चप्पल गेली. या एका गोष्टीवर नाही. आत्याच्या दिरांनी रात्री तलावात जाळं लावलं होतं आणि पहाटे ते काढायला आम्हाला बरोबर नेलं. पाऊस रात्रभर भुरभुरून थांबलेला. फटफटलं होतं. पाण्यातून वर आलेल्या बेशरमाच्या देठांवर मातकट रंगाचे, सहा पायांचे, बसक्या डोक्याचे किडे जागोजागी चढून बसले होते. जाळ्यात अडकणारे हे किडे आम्हाला माहीत होते. त्यांचा चतुराशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. ताईनं हाताच्या इशाऱ्यानं सगळ्यांना थांबवलं. तिच्यासमोरच्या किड्याची पाठ मानेमागं उकलत होती. फटीतून आधी फुगीर पाठ आली, मग डोकं, मग पाय. अर्धं अंग बाहेर काढून तो जीव मागं कलंडला आणि डोकं खाली करून तसाच लटकून राहिला. आम्हाला वाटलं मेला. बराच वेळ काही हालचाल नाही. मग एकदम त्यानं अंग वर उचललं, स्वतःच्याच रिकाम्या कातीला पायांनी धरलं आणि शेपूट सोडवून घेतली. पंख म्हणजे चुरगाळलेल्या, दुधी रंगाच्या चार घड्या. त्या हळूहळू उलगडत लांब झाल्या, आधी धूसर, मग काचेसारख्या स्वच्छ. उजेड वर आला तोवर तो सुकून तयार झाला होता. सगळेच इतके नशीबवान नव्हते. ओल्या, गार हवेत पंख वाळायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मुंग्या पोचतात. दोन देठांपलीकडं त्या एकाला ओढत होत्या.

तो उडून गेल्यावर कात देठावरच राहिली. ताईनं ती अलगद सोडवून तळहातावर घेतली. पाठीच्या फटीतून पांढऱ्या धाग्यांचे बारीक तुकडे बाहेर आलेले. पाण्यातल्या आयुष्यात ज्या नळ्यांतून श्वास चालायचा, त्यांचं आतलं अस्तरही कातीबरोबर निघून येतं, ते हे धागे. फुलपाखराचा कोष मध्ये असतो, चतुराचा नसतो. पाण्यातलं पिल्लू सरळ देठावर चढतं आणि चतुर होऊन निघून जातं. आम्ही सगळे शेंगोळे थंड होईपर्यंत घरी गेलो नाही. आत्या बांधावर येऊन ओरडायला लागली, आणि ताईच्या हातातलं बघून तीही खाली बसली. ज्या बांधावर तिनं पाट्या ओतल्या होत्या, त्या बांधावर ती नुसती बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

त्यानंतर बरणीचा काळ आला. काचेच्या बरणीत तलावाचं पाणी, थोडं शेवाळ आणि एक-दोन पिल्लं. खायला हौदातल्या डासांच्या अळ्या. चतुराच्या पिल्लाचा खालचा ओठ घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला असतो. अळी टप्प्यात आली की तो सुटतो, टोकाच्या आकड्यांनी अळी पकडतो आणि परत घडी. डोळ्याला दिसतं ते एवढंच की अळी होती आणि नाही. ते वर्ष हिवतापाचं होतं, फवारणीवाले घराघरांच्या भिंतीवर तारखा लिहून जायचे. नाना बरणीकडं बघून म्हणाले, ‘‘फवाऱ्यापरीस हे बरं की.’’ पिल्लाला डिवचलं तर ते शेपटाकडून पाण्याची चिळकांडी मारून पुढं झेप घेतं. चतुराच्या पिल्लाचे कल्ले पोटात, शेपटाच्या बाजूला असतात, त्यामुळं ही युक्ती. टाचणीच्या पिल्लाचे कल्ले मागं तीन पानांसारखे बाहेर दिसतात. हे शाळेत कुणी शिकवलं नाही. बरणी बघून कळलं.

शिर्डीच्या घरातही एक चतुर होता, आणि तो मला आज सगळ्यांत जास्त आठवतो. राखी-काळ्या ठिपक्यांचा, दगडाच्या रंगाचा. तो गवतावर बसायचा नाही. मागच्या दगडी भिंतीला पोट टेकवून पंख पसरून चिकटून बसायचा, आणि भिंतीपासून वेगळा ओळखूच यायचा नाही. विहिरी, सिमेंटचे हौद, टाक्या इथंच याची मादी अंडी घालते. घरात हौद होता तोवर तो होता. पुढं यात्रेकरूंसाठी मागं खोल्या काढल्या, भिंतीला गिलावा झाला, हौद बुजला आणि प्लॅस्टिकची झाकणबंद टाकी गच्चीवर गेली. तो कधी दिसेनासा झाला हे कुणालाच सांगता येत नाही.

भाद्रपदातले थवे हा सगळ्यांच्या आठवणींतला मोठा भाग. बाजरी कणसात आली, पावसाची उघडीप पडली की रानावर सोनेरी-पिवळसर चतुरांचे थवे यायचे. हे कधी बसायचेच नाहीत. डोक्याच्या उंचीवर नुसते फिरत राहायचे, शेकड्यांनी, आणि त्यांच्यात वेडे राघू घुसून एकेकाला हवेतच टिपायचे. नवरात्र संपता संपता ते नाहीसे व्हायचे. कुठं जातात, यावर आमच्याकडं मतं होती. तात्या म्हणायचे, मरतात. नाना म्हणायचे, गंगेवर जातात; आमच्याकडं गंगा म्हणजे गोदावरी. ताईनं पुण्याला प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा फ्रेझर नावाच्या लष्करी डॉक्टरानं १९३३ ते १९३६ मध्ये भारतातल्या चतुर-टाचण्यांवर तीन खंड लिहून ठेवल्याचं तिनं पत्रातून कळवलं. त्या चतुराचं शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स हेही त्याच पत्रात होतं. पण जातात कुठं, याचं उत्तर तिलाही मिळायचं होतं.

ते मिळालं २००९ साली. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं एक शोधनिबंध लिहिला. मालदीव ही प्रवाळाची बेटं. तिथं जमिनीवर गोडं पाणी जवळजवळ नाही, तरी दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला हे चतुर लाखोंनी उतरतात आणि काही दिवसांत पुढं जातात. अँडरसननं वर्षानुवर्षं तारखा मांडून दाखवलं की हे भारताच्या दिशेकडून येतात, हजारभर मीटर उंचीवरच्या वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेकडं, तिथल्या पावसाकडं निघतात. पुढच्या पिढ्या नैऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर भारतात परततात. चौदा ते अठरा हजार किलोमीटरचा फेरा, आणि तो पुरा करायला साधारण चार पिढ्या. एका चतुराचं वजन ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. २०१२ साली पंखांतल्या हायड्रोजनच्या तपासणीवरूनही असंच निघालं की मालदीवला पोचलेले चतुर उत्तर भारतात किंवा त्याच्याही पलीकडं जन्मलेले असावेत. आमच्या बाजरीवरचे त्यांच्यात किती होते ते कोण सांगणार? पण पावसाच्या तात्पुरत्या पाण्यात दीड-दोन महिन्यांत अंड्यापासून उडण्यापर्यंत पोचणारी जात ती हीच, आणि बहात्तरचा तलाव म्हणजे तसंच पाणी.

ताईनं हे सगळं दिवाळीत आत्याच्या ओसरीवर वाचून दाखवलं. आम्ही सगळे होतो. तात्या, नाना, बाई नव्हते. आत्या ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं एकच विचारलं, ‘‘आन् जिथं पोचले तिथं पाऊस झालेला नसला तर गं?’’ ताई म्हणाली, मग ते थांबत नाहीत, पुढं जातात. आत्यानं मान हलवली. दुष्काळात घरं सोडून पुण्या-मुंबईकडं गेलेली माणसं तिनं पाहिली होती. ती पुढं काही बोलली नाही आणि आम्हीही विषय वाढवला नाही.

आता शिर्डीत भाद्रपदात हे थवे कुठं दिसतात सांगू? वाहनतळांवर. पावसानं धुतलेल्या गाड्यांच्या टपावर आणि काचांवर मादी शेपटीचं टोक टकटक आपटत असते. गाडीच्या चकचकीत रंगावरून आणि ओल्या डांबरावरून उजेड ज्या रीतीनं परावर्तित होतो, तसाच तो पाण्यावरूनही होतो, आणि चतुर पाणी ओळखतात ते त्यावरूनच. त्यामुळं तिला टप म्हणजे तळं वाटतं. ती अंडी उन्हात तापून मरतात. शिर्डीला विमानतळ झाला, काकडी गावच्या माळावर, २०१७ साली. रेल्वे आली. गाड्यांना तर अंत नाही. माझ्या माहेरच्या गावाला यातून पोट मिळालं, आमच्या घरालाही मिळालं, त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण टपावर आपटणारी ती शेपटी बघवत नाही.

जिरायतातही पाणी आलं. १९७०पासून ऐकत आलेल्या निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्यात ३१ मे २०२३ रोजी चाचणीचं पाणी सुटलं, त्या ऑक्टोबरात पंतप्रधानांच्या हस्ते जलपूजन झालं. आत्या कालव्याच्या कडेला जाऊन ओंजळभर पाणी पिऊन आली. पन्नास वर्षं जे बघायचं होतं ते तिनं बघितलं, आणि ज्यांना बघायला मिळालं नाही त्यांची नावं घेऊन तिनं पाण्यात हळदकुंकू सोडलं. यापेक्षा मोठी गोष्ट त्या गावांत आमच्या हयातीत झालेली नाही.

पण तलाव? तो गाळानं भरत आलाय. शेजारी प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी झालीत, काळ्या कागदाची, सरळ उताराची, काठाला एकही काडी नसलेली. पाणी त्यांत भरपूर असतं. थव्यातला एखादा पँटाला तिथंही अंडी टाकून जाईल. टाचणीचं तसं नाही. टाचणी देठात चीर पाडून आत अंडी घालते. नर तिची मान धरून असतो आणि कधीकधी ती देठावरून उतरत पूर्ण पाण्याखाली जाते. देठच नसेल तर ती येऊन काय करणार? गेल्या पावसाळ्यात आम्ही जमतील तेवढी भावंडं तलावावर गेलो होतो. खोळींच्या जागी रेनकोट, नातवंडांच्या हातात मोबाईल. सांडव्याकडच्या कोपऱ्यात, जिथं अजून लव्हाळा आणि बेशरम आहे, तिथं हळदी सापडली. वाघ्या सापडला. तांबडा सापडला. पिचिंगच्या मोकळ्या दगडांकडं नारिंगी पंखांचा तो एकटाच. ताईला आता गुडघ्यांमुळं उकिडवं बसता येत नाही. तिनं खुर्ची नेली होती आणि तिच्यावर बसून ती पोरांना कुठली काडी बघायची ते सांगत होती.

राज्यात २०१७पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. आमच्या तलावाचा नंबर लागावा अशी आत्याची इच्छा आहे आणि आमचीही. गाळ निघालाच पाहिजे, पाणी वाढलंच पाहिजे, तो गाळ जिरायती रानांत पडला तर सोन्याहून पिवळं. विनंती एवढीच आहे, आमच्या गावाला आणि ज्या ज्या गावात बहात्तरचा असा तलाव आहे त्या प्रत्येक गावाला: पोकलेन उतरवाल तेव्हा सगळे काठ एकदम खरवडू नका. सांडव्याकडची एक कड, लव्हाळ्यासकट, देठांसकट, उथळ पाण्यासकट, तशीच सोडा. आणि श्रावणात पाऊस भुरभुरत असेल तेव्हा घरातल्या पोरांना घेऊन त्या कडेला बसा.